बिनतारी यंत्राची सनद

मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेस निघालेल्या प्रवाशाला माणगाव आणि लोणेरे मागे टाकून महाडकडे येताना, एका अंगास डोंगर आणि दुसऱ्या अंगास सावित्रीची खाडी अशा चिंचोळ्या पट्टीत वसलेले एक गाव लागते, ते दासगाव. बाणकोटच्या मुखातून आत शिरलेली भरती येथवर चढून येते, आणि महाबळेश्वरच्या पठारावर कोसळलेला पाऊस पोलादपूर व महाड ओलांडून तिच्या भेटीला खाली उतरतो. खालून समुद्राचे पाणी, वरून सह्याद्रीचे पाणी आणि पाठीशी भिजून जड झालेला डोंगर, अशा तिहेरी कोंडीत ज्यांचा संसार आहे त्यांना वार्ता वेळेवर पोहोचणे ही केवळ सोयीची बाब नसून प्राणरक्षणाची बाब आहे. आज ही वार्ता बहुतांशी तारेवाचून, हवेतून चालते. आणि हवेतून वार्ता नेणारे यंत्र बाजारात येण्यापूर्वी विवक्षित कसोट्यांना उतरलेले असावे, असा देशाचा कायदा आहे. ती कसोटी कशी घेतली जाते, तिच्यामागे विचार कोणता आहे, आणि दासगावसारख्या ठिकाणी ती कोठे अपुरी पडते, हे येथे सविस्तर सांगावयाचे आहे.

दासगाव एके काळी नांदते बंदर होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून येऊन येथेच उतरले. बंदरावर हजारो सत्याग्रही त्यांची प्रतीक्षा करीत होते, आणि तेथेच पोलीस अधिकाऱ्याने जिल्हा मॅजिस्ट्रेटचे पत्र त्यांच्या हाती दिले. महाडच्या ह्या लढ्याच्या उभारणीत ज्यांनी आपले सर्वस्व ओतले ते रामचंद्र बाबाजी मोरे दासगावचेच. त्याच वर्षीच्या २३ जुलैला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या ध्वनिक्षेपण केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांच्या हस्ते झाले होते, आणि खडकी व दौंड येथील केंद्रांतून विलायतेशी थेट बिनतारी संदेशांची ने-आणही त्याच साली सुरू झाली होती. मुंबई इलाख्याच्या आकाशात शब्द विनातार संचार करू लागला होता. महाड तालुक्यात मात्र सरकारचा तो निरोप माणसाच्या हातानेच पोहोचला होता. सार्वजनिक वस्तूवर हक्क कोणाचा, हा प्रश्न महाडच्या चवदार तळ्याच्या काठी ज्या वर्षी विचारला गेला, त्याच वर्षी आकाश ही आणखी एक सार्वजनिक वस्तू ह्या प्रांतात वापरात आली, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. त्याच्याकडे पुढे परत यावे लागेल.

२५ आणि २६ जुलै २००५ ह्या दोन दिवसांचा पाऊस मुंबईकर सांताक्रूझला नोंदल्या गेलेल्या ९४४ मिलिमीटरांवरून स्मरतात; महाड तालुक्यात तो गेलेल्या माणसांच्या नावांनी स्मरला जातो. दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहण ह्या गावांवर डोंगर खचून आला आणि दीडशेहून अधिक माणसे त्याखाली सापडली. वाचलेल्यांपैकी कित्येक कुटुंबांनी पुढची अनेक वर्षे पत्र्याच्या निवाऱ्यांत काढली. त्यानंतर सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, ह्याच तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले. त्या दिवशी महाड शहर पुराच्या पाण्यात होते, रस्ते खचले वा बुडाले होते, वीज गेली होती, दूरध्वनी मुके झाले होते, आणि संघटित मदत डोंगरातल्या त्या वाडीपर्यंत पोहोचण्यास दुसरा दिवस उजाडावा लागला. सोळा वर्षांत प्रत्येकाच्या खिशात एक बिनतारी यंत्र आले होते, आणि जेव्हा त्याची सर्वांत अधिक गरज होती तेव्हाच ते निरुपयोगी ठरले.

ह्याचे कारण समजावून घेतले पाहिजे, कारण दोष नेमका कोठे होता हे न कळता जो तो मोबाईल कंपन्यांच्या नावाने बोटे मोडून मोकळा होतो. आपल्या हातातला मोबाईल स्वतः फारतर काही किलोमीटर अंतरावरच्या मनोऱ्याशी बोलतो. तो मनोरा विजेवर चालतो, वीज गेली की बॅटरीवर काही तास निघतात, मग डिझेलचे जनित्र, आणि रस्ता बंद असेल तर डिझेल संपल्यावर सारे शांत. मनोऱ्याकडून पुढे वार्ता नेणारा दुवा कोठे भूमिगत तंतूचा असतो, जो दरडीबरोबर तुटतो, आणि कोठे सूक्ष्मतरंगांचा असतो, ज्यांची कंप्रता (वारंवारता) दहा गिगाहर्ट्झच्या वर गेली म्हणजे मुसळधार पावसाचे थेंबच त्यांना शोषून टाकतात. ह्याउलट शंभर-दीडशे मेगाहर्ट्झच्या लांब तरंगांना पावसाची जवळजवळ बाधा होत नाही. त्यांना अडवतो तो डोंगर. म्हणूनच पोलीस, रेल्वे आणि आपत्तीनिवारणाची पथके आजही ज्याला व्हीएचएफ म्हणतात त्या पट्ट्यातले जुन्या वळणाचे संच सोडावयास तयार नाहीत, आणि त्यांचे ते करणे सर्वथा योग्य आहे.

दासगावच्या आसमंतात अशी यंत्रे किती आणि कोणकोणत्या कामी लागलेली आहेत, ह्याची कल्पना गावातल्याच पुष्कळांना नसेल. कोकण रेल्वेचा उत्तरेकडून बांधलेला रोहा ते वीर हा पहिला तुकडा १९९३ मध्ये वाहतुकीस खुला झाला, आणि वीर हे दासगावच्या शेजारचे स्थानक. ह्या मार्गावर १६ जून २००४ रोजी, महाड तालुक्यातल्याच करंजाडी स्थानकाजवळ, रुळांवर आलेल्या दगडांमुळे मत्स्यगंधा एक्स्प्रेसचे डबे पुलावरून खाली गेले. रेल्वेने पावसाळ्यापुरती जी व्यवस्था उभी केली आहे तिच्यात माणगाव आणि वीर ह्यांमधल्या काळ नदीच्या पुलावर, वीर आणि सापे-वामने ह्यांमधल्या सावित्रीच्या पुलावर, आणि चिपळूण व कामथे ह्यांमधल्या वाशिष्ठीच्या पुलावर पाण्याने धोक्याची रेषा ओलांडताच अधिकाऱ्यांना सावध करणारी पूरसूचक यंत्रणा बसविलेली आहे. स्थानकांवर पंचवीस वॉटचे व्हीएचएफ संच आहेत, गाडीचा चालक आणि गार्ड ह्यांच्याजवळ वॉकी-टॉकी आहेत, आणि रुळांच्या कडेने सरासरी एक-एक किलोमीटरवर आणीबाणीच्या संभाषणाची जोडणी करता येते. 

रेल्वेच्या पलीकडे हवामानखात्याची स्वयंचलित केंद्रे आहेत. डोंगरातल्या निर्जन जागी उभे असलेले असे केंद्र पर्जन्यमापकाचा, वाऱ्याचा आणि तापमानाचा आकडा ४०२.७५ मेगाहर्ट्झ ह्या कंप्रतेवर छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरच्या इन्सॅट उपग्रहाकडे धाडते, आणि तो आकडा पुण्याच्या भूकेंद्रात उतरतो. शेकडो केंद्रे एकाच कंप्रतेवर बोलत असल्याने प्रत्येकाला तासातले आपले ठराविक क्षण नेमून दिलेले असतात. घड्याळ उपग्रहाच्या संकेतांवर लावलेले असते, आणि आपल्या क्षणी आपला आकडा सांगून केंद्राने पुन्हा मौन धरावयाचे असते. एखाद्या केंद्राचे घड्याळ चुकले किंवा त्याची कंप्रता सरकली, तर ते स्वतःचा आकडा तर गमावतेच, शिवाय शेजाऱ्याचा आकडाही बुडवते. सह्याद्रीच्या माथ्यावर तासाभरात किती पाऊस झाला हे खालच्या गावांना कळण्याचा एक मार्ग ह्या शिस्तीवर अवलंबून आहे.

येथे कसोटीचा विषय येतो. आपल्या यंत्राने नेमून दिलेल्या मर्यादेतच बोलावे आणि दुसऱ्याच्या बोलण्यात आपला आवाज मिसळू नये, एवढी एकच अपेक्षा बिनतारी यंत्रांच्या बहुतेक कायदेशीर तपासण्यांच्या मुळाशी आहे; तिचे बारकावे मात्र इतके आहेत की त्यांच्यासाठी जगभर मोठमोठ्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आहेत.

अशा प्रयोगशाळेची मुख्य खोली पाहणाऱ्यास प्रथमदर्शनी विलक्षण वाटते. तिला खिडकी नसते. भिंती, छत आणि दार पोलादी पत्र्याने असे मढविलेले असतात की बाहेरच्या आकाशवाणीचा, मोबाईलचा वा विमानाच्या संदेशाचा अणुमात्रही आत शिरू नये. आतल्या बाजूस कोळशाची पूड मुरविलेल्या स्पंजाचे हातभर लांबीचे, टोके आत वळविलेले शंकू ओळीने लावलेले असतात आणि त्यांच्यामागे फेराइटच्या फरश्या असतात. यंत्रातून निघालेला तरंग भिंतीवर जाऊन परतू नये, त्याचा तेथेच लय व्हावा, ही त्यांची योजना. मध्ये एक फिरते लाकडी वा प्लास्टिकचे मेज असते, कारण धातूचे मेज स्वतःच तरंग परतवील. त्याच्यावर तपासावयाचे यंत्र ठेवतात, तीन मीटरांवर एका खांबावर ग्राहक आकाशक (अँटेना) असतो, तो एकपासून चार मीटरांपर्यंत वर-खाली सरकतो, मेज हळूहळू पूर्ण वर्तुळ फिरते, आणि शेजारच्या खोलीत बसलेला अभियंता वर्णपटमापकाच्या पडद्यावर यंत्राच्या बोलण्यातली प्रत्येक उंच-सखल रेघ वाचतो. यंत्र नेमून दिलेल्या कंप्रतेवर किती बोलते ह्याहून त्याला अधिक उत्सुकता असते ती नेमून न दिलेल्या कंप्रतांवर ते काय पुटपुटते ह्याची.

दासगावच्या स्थानिक पथकाच्या हाती पडेल असा एक हातातला संच घ्या, जो १६० मेगाहर्ट्झवर बोलतो. प्रथम त्याचा आकाशक काढून त्या जागी केबल जोडतात, मध्ये शक्ती उतरविणारा रोधक घालतात, आणि संच जेवढ्या वॉटचा दाखला मागतो तेवढेच वॉट बाहेर टाकतो की नाही ते मोजतात. मग त्याच्या बोलण्याची रुंदी मोजतात: एकूण शक्तीपैकी नव्व्याण्णव टक्के शक्ती ज्या पट्टीत सामावते ती पट्टी साडेबारा किलोहर्ट्झच्या नेमलेल्या चाकोरीत बसली पाहिजे. शेजारच्या चाकोरीत किती शक्ती सांडते हे मोजताना प्रचलित युरोपीय मानक असे सांगते की ती मूळ शक्तीच्या साठ डेसिबल खाली, म्हणजे एका दशलक्षांशाहून अधिक असू नये. त्यानंतर गुणज तपासतात, कारण १६० वर बोलणारे सदोष यंत्र ३२० आणि ४८० वरही बोलते, आणि तेथे दुसऱ्या कोणाचे तरी कामकाज चाललेले असते. शेवटी संच तापमानाच्या पेटीत घालून कडक थंडीपासून पंचावन्न अंशांपर्यंत नेतात आणि बॅटरीचा दाब कमी-अधिक करून त्याच्या स्फटिकाची कंप्रता किती सरकते ते पाहतात. दशलक्षात अडीच भाग एवढी सूट दिली, तरी १६० मेगाहर्ट्झवर ती अवघी चारशे हर्ट्झ होते. हलक्या स्फटिकाचा संच सकाळी एका चाकोरीत आणि दुपारच्या उन्हात अर्धा दुसरीत बोलू लागतो, आणि वापरणाऱ्यास त्याची वार्ताही नसते.

मोबाईलची आणखी एक परीक्षा होते, ती मनुष्यदेहासाठी. डोक्याच्या आकाराचा पोकळ साचा देहाच्या विद्युत्गुणांशी जुळणाऱ्या द्रवाने भरून, त्याच्या कानाशी मोबाईल धरून, द्रवात बुडविलेल्या सुईने शोषलेली ऊर्जा मोजतात. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून तिची मर्यादा एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर किलोग्रॅममागे १.६ वॉट अशी कडक केली.

हे सारे करणाऱ्या संस्था महाराष्ट्रात आहेत आणि त्यांतली एक तर दासगावच्याच जिल्ह्यात आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७७ साली सूक्ष्मतरंगांच्या उपकरणांसाठी एक विशेष विभाग निघाला. त्यातूनच १९८४ मध्ये ‘समीर’ ही स्वतंत्र संस्था झाली. पवईला तिचे मूळ ठाणे, आणि खारघरला, म्हणजे रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात, तिचे दुसरे आवार. विद्युच्चुंबकीय व्यत्ययाच्या तपासणीत ह्या संस्थेचा देशात लौकिक आहे. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत केंद्र सरकारची प्रादेशिक इलेक्ट्रॉनिक चाचणी प्रयोगशाळा आहे, आणि पुण्यास वाहनांसाठी १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय आहे, जेथे गाडीतल्या विजेच्या यंत्रणा एकमेकींस बिघडवीत नाहीत ना, ह्याची परीक्षा होते. प्रयोगशाळेचे मापकही कोणीतरी तपासलेले असावे लागतात. ती साखळी अखेर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत जाते, आणि प्रयोगशाळेच्या योग्यतेचा निवाडा एनएबीएल हे मंडळ करते. आकाशावर प्रत्यक्ष पहारा ठेवणाऱ्या केंद्रांपैकी एक मुंबईत बोरिवलीच्या गोराई मार्गावर आहे, आणि उपग्रहांच्या संदेशांवर नजर ठेवणारे भूकेंद्र जालन्यास आहे.

कायद्याचा इतिहास लांब आहे, तो थोडक्यात सांगतो. १८८५ च्या तार कायद्याने तारेच्या संदेशवहनाचा मक्ता सरकारकडे घेतला, १९३३ च्या बिनतारी कायद्याने परवान्यावाचून यंत्र नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरविले, आणि १९५२ साली कंप्रतांचे वाटप व परवाने ह्यांसाठी बिनतारी नियोजन व समन्वय शाखा उघडली, जिला ह्या व्यवसायातले लोक डब्ल्यूपीसी ह्या आद्याक्षरांनीच ओळखतात. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या सुप्रसिद्ध खटल्यात आकाशातील तरंग ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. तो देणाऱ्या पीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. ह्या निर्णयामागची दृष्टी मला परवान्यांच्या सर्व जुन्या कल्पनांहून श्रेष्ठ वाटते. यंत्राची तपासणी ही सरकारने आपल्या सत्तेचे रक्षण करण्यासाठी लादलेली अडवणूक नसून, सर्वांच्या मालकीची वस्तू एकाने नासवू नये म्हणून सर्वांच्या वतीने ठेवलेली राखण आहे, असा अर्थ त्या निर्णयाने तिला दिला. चवदार तळ्याच्या तालुक्यात हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता पडू नये.

मालमत्ता सार्वजनिक म्हटल्यावर तिचा काही भाग खुला करणे ओघानेच आले. २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा आणि ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याच्या जाचातून मुक्त झाला, २०१८ मध्ये पाच गिगाहर्ट्झचा बराच विस्तार मोकळा झाला. त्यामुळेच आज घरोघरी वायफाय आहे, आणि उद्या डोंगराच्या उतारावर रोवलेला, जमिनीची हालचाल टिपून स्वस्तात कळविणारा संवेदकही ८६५ च्या पट्ट्यात परवान्यावाचून बोलू शकेल. केरळात मुन्नारजवळच्या उतारावर अमृता विद्यापीठाने २००९ सालापासून दरडींची पूर्वसूचना देणारे बिनतारी संवेदकांचे जाळे चालविले आहे. महाड-पोलादपूरच्या डोंगरांस त्याची गरज मुन्नारहून तिळमात्र कमी नाही. परंतु परवान्यातून मुक्ती म्हणजे कसोटीतून मुक्ती नव्हे. ८६५ च्या पट्ट्यात प्रक्षेपकाची शक्ती एक वॉट, आकाशकासह प्रभावी शक्ती चार वॉट, आणि वाहक तरंगाची रुंदी दोनशे किलोहर्ट्झ ही हद्द यंत्राने पाळलीच पाहिजे, आणि ती पाळते असा दाखला घेतलाच पाहिजे. ह्या दाखल्याला ईटीए म्हणतात. २०१९ पासून मुक्त पट्ट्यातल्या मोबाईल, संगणक, घड्याळे अशा पुष्कळ वस्तूंसाठी तो स्वयंघोषणेवर मिळतो: अर्जदाराने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल जोडावयाचा, प्रतिज्ञा करावयाची, आणि संकेतस्थळावरून दाखला उतरवून घ्यावयाचा. त्याच साली दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राची सक्तीची चाचणी व प्रमाणन व्यवस्थाही १ ऑक्टोबरपासून अमलात आली. १८८५ आणि १९३३ च्या दोन्ही कायद्यांची जागा घेण्यासाठी आता २०२३ चा दूरसंचार कायदा झालेला आहे.

स्वयंघोषणेने व्यापाऱ्याचा वेळ वाचला हे खरे, आणि महिनोन्महिने दफ्तरात पडून राहणाऱ्या अर्जांची कोणी तरफदारी करणार नाही. तथापि तिचा कच्चा दुवाही स्पष्ट सांगितला पाहिजे. प्रयोगशाळेत जातो तो एक निवडक नमुना. बाजारात येतात ते हजारो संच. पहिल्या खेपेनंतर एखादा गाळक स्वस्त मिळाला म्हणून बदलला, एखादे आवरण पातळ केले, एखादा स्फटिक हलका घातला, तरी दाखला तोच राहतो आणि यंत्र मात्र निराळे होते. ह्यावर उपाय एकच, बाजारातून अकस्मात नमुने उचलून ते पुन्हा मेजावर ठेवणे. आणि तो उपाय आपल्याकडे जितक्या नेटाने व्हावयास हवा तितका होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दाखला नसलेल्या मालाची गोष्ट तर आणखी गंभीर आहे. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वॉकी-टॉकींच्या बाबतीत तेरा विक्रीस्थळांना नोटिसा काढल्या आणि विक्रीची मार्गदर्शक तत्त्वेही जारी केली, कारण कंप्रता, परवाना वा ईटीए ह्यांचा उल्लेखही न करता हे संच खेळण्यासारखे विकले जात होते. सामान्य नागरिकास परवान्यावाचून वापरता येतात ते केवळ ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले अल्पशक्तीचे संच. स्वस्तातले परदेशी संच मात्र १३६ ते १७४ आणि ४०० ते ४८० अशा दोन्ही विस्तीर्ण पट्ट्यांत, कळा दाबून हव्या त्या आकड्यावर लावता येतात. ह्या दुसऱ्या पट्ट्यात ४०२.७५ हा आकडाही येतो. उत्साहाने मदतीस धावलेल्या एखाद्या तरुणाने दुसरी मोकळी चाकोरी सापडत नाही म्हणून तोच आकडा लावला, तर पर्जन्यमापकांच्या संदेशांवर तो बोलू लागेल, आणि त्याच्या हेतूच्या शुद्धतेने तो व्यत्यय किंचितही कमी होणार नाही.

घरावर बसविल्या जाणाऱ्या मोबाईलच्या शक्तिवर्धकांचेही असेच आहे. डोंगरांच्या आडोशामुळे आत गावांत संदेश क्षीण येतो, तेव्हा कोणी तरी शहरातून एक पेटी आणतो, एक आकाशक छपरावर आणि एक घरात लावतो, आणि त्याच्या घरी चारही रेघा उजळतात. त्या पेटीचा बाहेरचा आकाशक आतल्या आकाशकाचेच बोलणे ऐकू लागला की ती कर्ण्यासारखी किंचाळत सुटते, आणि तो कोलाहल मनोऱ्याच्या कानात इतका भरतो की दूरच्या वाडीतला क्षीण मोबाईल त्याला ऐकूच येत नाही. एका घराच्या चार रेघांसाठी दहा घरांचा आवाज जातो. खाजगी व्यक्तीने असा वर्धक बाळगणे, विकणे वा बसविणे बेकायदा आहे, हे दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये पुन्हा एकदा जाहीर केले. ज्या दिवशी तालुक्यातले बहुतेक मनोरे बंद असतील आणि दोन-चारच जिवंत असतील, त्या दिवशी ह्या पेट्यांपैकी एकही चालू नसावी.

आतापर्यंत जे सांगितले त्यावरून दाखला असलेले यंत्र घेतले म्हणजे दासगावचे काम झाले, असा समज होणे शक्य आहे. तो बरोबर नाही. बिनतारी यंत्राची कायदेशीर कसोटी मुख्यतः ते दुसऱ्यास उपद्रव देते की नाही एवढेच विचारते. तुमच्या हाकेला ते ओ देईल की नाही, हा तिचा प्रश्नच नाही. शंकूंनी मढविलेल्या त्या खोलीत पाऊस पडत नाही, हात चिखलाने माखलेले नसतात, बॅटरी तीन दिवस चार्ज न झालेली नसते, आणि समोर तीन मीटरांवर ग्राहक असतो, डोंगर नसतो. पाण्यापासून रक्षणाची कसोटी निराळी आहे, आणि तिचे आकडेही निराळे आहेत: ज्या संचावर आयपी ६७ अशी मोहोर आहे तो एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहून चालला पाहिजे, आयपी ५४ चा संच शिंतोडे सोसतो, बुडणे सोसत नाही. ही मोहोर ईटीएसाठी लागत नाही. जुलैतल्या सावित्रीकाठी तिच्यावाचून संच देणे म्हणजे दाखला सुरक्षित राहून माणूस असुरक्षित राहण्याची तजवीज करणे होय.

म्हणून खरेदीच्या निविदेत दोन्ही कसोट्या हव्यात. ग्रामपंचायतीने, तहसील कचेरीने, आणि देणगी म्हणून वॉकी-टॉकी वाटणाऱ्या शहरी संस्थांनी विक्रेत्याकडे ईटीएचा क्रमांक मागावा, त्यावरचे प्रतिमान आणि पेटीवरचे प्रतिमान ताडून पाहावे, चाचणीचा अहवाल कोणत्या प्रयोगशाळेचा आहे ते वाचावे, परवाना लागतो तेथे तो आधी काढावा, आणि पाण्यापासून रक्षणाची मोहोर पाहिल्याखेरीज पैसे चुकते करू नयेत. मग राहते ती तिसरी कसोटी, जी कोणतीही प्रयोगशाळा घेऊ शकत नाही, कारण ती ह्या डोंगरांतच घ्यावी लागते: दासगावच्या खाडीकाठावरून महाडच्या तहसील कचेरीशी, पोलादपूरच्या आतल्या वाड्यांतून पोलादपूर शहराशी, गांधारपाल्याच्या लेण्यांखालून वीर स्थानकाशी बोलणे होते की नाही, कोठे होत नाही, आणि जेथे होत नाही तेथे मधल्या कोणत्या टेकाडावर पुनःक्षेपक ठेवावा लागेल.

हे काम करण्यास माणसे दूर शोधावयास नकोत. दासगावपासून थोड्या अंतरावर, लोणेरे येथे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तेथे इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार शिकणारे विद्यार्थी आहेत, शिक्षक आहेत आणि मापक यंत्रेही आहेत. दरवर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याच्या आधी, ह्या विद्यार्थ्यांनी तालुक्याच्या संचांची बॅटरी, कंप्रता आणि शक्ती मोजावी, दरडीच्या छायेतल्या प्रत्येक वाडीतून बोलून पाहावे, आणि जेथून आवाज पोहोचत नाही त्या जागांचा नकाशा तहसीलदारांच्या मेजावर व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. जिल्हा प्रशासनाने ह्या कामास दरसालची मंजुरी आणि थोडा खर्च द्यावा, आणि विद्यापीठाने ते अभ्यासक्रमाचा भाग करावे, अशी माझी दोघांनाही कळकळीची विनंती आहे. येत्या मे महिन्यापासून हे सुरू करता येईल.